आमचा सोर्स कोड चोरलात असा दावा कंपनीने ठोकला, तर उत्तर कसं द्यावं?

टर्मिनलग्रस्त

नमस्कार मंडळी. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर पोट भरणाऱ्या अनेकांना आज एससीओ हे नावही माहीत नसतं, म्हणून आधी उजळणी.

मार्च २००३. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या लिंडनची एससीओ ग्रुप ही कंपनी आयबीएमला कोर्टात खेचते. म्हणणं असं की युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे हक्क आमचे आहेत आणि आयबीएमने करार मोडून युनिक्समधलं ज्ञान लिनक्समध्ये ओतलं. मागणी १ अब्ज डॉलरची. ती वाढत वाढत ३ आणि मग ५ अब्जांवर गेली. हीच कंपनी त्याआधी कॅल्डेरा या नावाने स्वतः लिनक्स विकत होती, हे विशेष. मे महिन्यात जगातल्या सुमारे १५०० बड्या कंपन्यांना पत्रं गेली की लिनक्स वापरत असाल तर तुमच्यावरही बालंट येऊ शकतं. मग लिनक्स वापरणाऱ्यांसाठी लायसन्स निघालं, प्रोसेसरमागे ६९९ डॉलर.

शेवट असा: सप्टेंबर २००७ मध्ये एससीओची दिवाळखोरी, मार्च २०१० मध्ये ज्युरीचा निर्णय की युनिक्सचे कॉपीराइट मुळात त्याचा आधीचा मालक असलेल्या नोव्हेल कंपनीचेच, आणि २०२१ मध्ये आयबीएमने दिवाळखोरीच्या ट्रस्टीला १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर देऊन उरलंसुरलं मिटवलं. अठरा वर्षं!

माझं मत: या सगळ्यात लोकांनी जो आरडाओरडा केला त्यातला बराचसा वाया गेला. कामाला आला तो एकच प्रश्न, जो सगळ्यांनी न थकता लावून धरला: कोणती फाइल, कोणत्या ओळी? यावर तुम्हाला काय वाटतं? आणि समजा उद्या एखाद्या छोट्या प्रकल्पावर असा दावा आला, पाठीशी आयबीएम नसेल, तर काय करायचं?

अर्धविराम

आयबीएमकडे पैसा होता. धागा बंद करा.

जुनंखोड

अर्धविराम, पैसा मायक्रोसॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सकडेही होता. दोघांनी २००३ मध्येच एससीओकडून लायसन्स घेतलं. पैसा असणं वेगळं आणि तो कुठे लावायचा हे ठरवणं वेगळं.

तेव्हा अनेकांचा होरा होता की आयबीएमने आपल्याला विकत घेऊन तोंड बंद करावं, एवढंच एससीओला हवंय. आयबीएमने ते केलं नाही. उलट ऑगस्ट २००३ मध्ये प्रतिदावे दाखल केले आणि त्यातला जीपीएलचा, म्हणजे लिनक्स ज्या मोकळ्या लायसन्सखाली वाटलं जातं त्याचा, मुद्दा मला आजही फार आवडतो. आमचा कोड तुम्ही जीपीएलखाली घेतलात, वाटलात, आणि आता त्याच लिनक्सवर वेगळं लायसन्स विकताय. म्हणजे जीपीएल तुम्ही मोडलं. म्हणजे आमच्या कोडच्या प्रती काढायचा तुमचा हक्क संपला. फिर्यादीच आरोपी!

दुसरी गोष्ट म्हणजे भीती. तेव्हा मी सर्व्हर सांभाळायचो. वरून विचारणा आली की आपल्याला धोका किती. व्यवस्थापनाला ओळी-बिळींशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना हवं होतं की उद्या नोटीस आली तर भरणार कोण. सप्टेंबर २००३ मध्ये एचपीने आपल्या लिनक्स ग्राहकांना हमी दिली की एससीओने दावा केला तर आम्ही निस्तरू. पुढे जानेवारीत नोव्हेलने हमी दिली, आणि रेड हॅटने सांगितलं की कोडमध्ये खोट निघाली तर तो बदलून देऊ. आमच्याकडची घबराट या हमीपत्रांनी थांबली. मंचांवरच्या संतापाने नाही.

अपील_मंजूर

टर्मिनलग्रस्त, धागा छान, पण एक मोठी दुरुस्ती. "कोणत्या ओळी" हा प्रश्न बरोबर होता, पण सुरुवातीला बऱ्याच लोकांनी तो भलत्याच दाव्याला विचारला.

मार्च २००३ ची मूळ फिर्याद काढून वाचा. त्यात व्यापारी गुपितं पळवल्याचा आरोप आहे, अनुचित स्पर्धा आहे, करारभंग आहे. कॉपीराइटभंगाचं कलम त्यात नाहीच! ते फेब्रुवारी २००४ मध्ये सुधारित फिर्यादीत आलं आणि त्याच वेळी व्यापारी गुपितांचं कलम गुपचूप गळालं. म्हणजे जवळजवळ वर्षभर लोक "लिनक्समध्ये युनिक्सचा कोड नाही" हे सिद्ध करत बसले होते, आणि कोर्टापुढे मुख्य प्रश्न होता १९८५ च्या कराराचा.

एससीओची मांडणी अशी: आयबीएमने युनिक्सचे मूळ मालक एटी अँड टी यांच्याकडून लायसन्स घेतलं, त्यावरून एआयएक्स ही आपली सिस्टिम बांधली. एआयएक्समध्ये आयबीएमने स्वतः लिहिलेला कोडही त्यामुळे कराराच्या गुप्ततेत अडकतो. मग तो कोड लिनक्सला दिला की करारभंग, भले त्यात युनिक्सची एक ओळही नसो. जेएफएस ही फाइल सिस्टिम, आरसीयू हे तंत्र, यांवरून जे रान उठलं ते यामुळे. याला "ओळ दाखवा" हे उत्तर पुरत नाही. याला उत्तर होतं कागद. एटी अँड टीने आयबीएमला १९८५ मध्येच जोडपत्र दिलं होतं, आणि त्याच वर्षी आपल्या 'डॉलर एको' या वार्तापत्रातून सगळ्याच लायसन्सधारकांना कळवलं होतं की तुम्ही स्वतः लिहिलेल्या भागावर आमचा मालकी हक्क नाही. वीस वर्षांपूर्वीचं वार्तापत्र कुणीतरी जपून ठेवलं होतं म्हणून ते कामाला आलं.

तेव्हा पहिला धडा: फिर्याद वाचा. बातमी नव्हे, फिर्याद.

कंपायलर_रुसला

वकीलताईंना +१.

पण ओळींचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २००३, लास व्हेगास, एससीओचा स्वतःचा मेळावा. पडद्यावर चोरीचा पुरावा म्हणून कोड दाखवला, आणि गुपित फुटू नये म्हणून काही भाग ग्रीक अक्षरांच्या फॉन्टमध्ये बदलला. फॉन्ट बदलला म्हणजे काय, अक्षरं तीच! कुणीतरी पडद्याचे फोटो काढले, लोकांनी मूळ मजकूर परत लावला आणि मुक्त सॉफ्टवेअरवाले ब्रूस पेरेन्स वगैरे मंडळींनी त्याची वंशावळ काढली.

एक तुकडा मेमरी वाटपाचा निघाला. त्याचं मूळ जुन्या युनिक्समध्ये, आणि ते जुनं युनिक्स कॅल्डेराने स्वतःच जानेवारी २००२ मध्ये बीएसडी पद्धतीच्या मोकळ्या लायसन्सखाली खुलं केलेलं. शिवाय तो तुकडा लिनक्समध्ये एसजीआय या संगणक कंपनीच्या इटानियम प्रोसेसरवाल्या मशिनांपुरत्या कोपऱ्यात होता. दुसरा तुकडा बर्कली पॅकेट फिल्टरचा, म्हणजे नेटवर्कचे पॅकेट गाळणाऱ्या कोडचा. तो तर युनिक्सवाल्यांनीच बर्कलीकडून घेतलेला, आणि लिनक्समधली आवृत्ती वेगळी लिहिलेली.

एससीओ आधी सांगत होती दहा लाखांहून जास्त ओळी. त्यातून निवडून दाखवल्या त्या या.

निमूट

डोंगर पोखरून उंदीर काढला, आणि उंदीर ग्रीक निघाला.

बखरकार

ज्यांना हे सगळं २००३ मध्ये सुरू झालं असं वाटतं त्यांच्यासाठी: याची पहिली आवृत्ती १९९२ ची. एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने बीएसडी हे बर्कलीचं युनिक्स विकणाऱ्या बीएसडीआय या छोट्या कंपनीवर दावा केला, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठालाही ओढलं. न्यायाधीशांनी १९९३ मध्ये मनाई हुकूम नाकारला. विद्यापीठाने उलटा दावा लावला की तुम्हीच आमचा कोड घेतलात आणि आमची श्रेयओळ काढून टाकलीत. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी ३ काढायच्या, आणखी ७० च्या आसपास फायलींवर कॉपीराइटची सूचना घालायची. बस्स.

पण ती तडजोड गुप्त ठेवली गेली! दहा वर्षं कुणालाच नक्की कलमं ठाऊक नव्हती. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक दस्तऐवज कायद्याखाली विद्यापीठाकडून ती मिळवली आणि ग्रोक्लॉ या ब्लॉगने प्रसिद्ध केली. तडजोड करताना कलमं उघड राहू द्या, हे मी या धाग्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर म्हणून देईन. गुप्त तडजोडीने एकाची डोकेदुखी जाते आणि पुढच्या दहाजणांना सुरू होते.

अवांतर: त्या खटल्याच्या दोन वर्षांत बीएसडी अडकून पडलं म्हणून लिनक्स पुढे निघून गेलं, असं बीएसडीवाले आजही सांगतात. पूर्ण खरं नसेल, पण अगदीच खोटंही नाही. खटला जिंकूनही वेळ जातो, तो परत मिळत नाही.

शेवटचाबाक

सगळ्यांशी थोडा असहमत. कोडची वंशावळ, ग्रीक फॉन्ट, जुनी वार्तापत्रं, सगळं मनोरंजक आहे. पण खटला कशावर मेला? मालकीवर! एटी अँड टीकडून युनिक्स नोव्हेलकडे गेलं १९९३ मध्ये. नोव्हेलने १९९५ मध्ये तो धंदा सँटा क्रूझ ऑपरेशनला विकला, त्यांच्याकडून २००१ मध्ये कॅल्डेराने घेतला. १९९५ च्या करारात न विकलेल्या मालमत्तेची यादी आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की सगळे कॉपीराइट वगळले. १९९६ च्या दुरुस्तीने थोडा गढूळपणा आणला, पण मूळ मुद्दा तोच.

नोव्हेलने हे २८ मे २००३ रोजी जाहीरपणे सांगितलं. दाव्यानंतर तीन महिन्यांच्या आत! एससीओने जानेवारी २००४ मध्ये नोव्हेलवरच दावा लावला. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीश किंबॉल म्हणाले कॉपीराइट नोव्हेलचे, पुढच्याच महिन्यात एससीओ दिवाळखोरीत. २००९ मध्ये अपिलात तो निकाल फिरला, मग ज्युरी बसली, तिनेही तेच सांगितलं, २०११ मध्ये अपिलात शिक्कामोर्तब.

वर कहर म्हणजे जुन्या युनिक्स लायसन्सच्या रॉयल्टीतला ९५ टक्के वाटा नोव्हेलचा होता. सनकडून घेतलेल्या पैशांपैकी सुमारे २५ लाख डॉलर नोव्हेलला द्या असा हुकूम २००८ मध्ये झाला. हक्क मागायला गेले आणि देणेकरी होऊन आले.

म्हणून पहिला प्रश्न "कोणत्या ओळी" हा नको. "तू कोण?" हा हवा.

अपील_मंजूर

शेवटचाबाक, तुमचा क्रम बरोबर आहे, पण मालकीच्या प्रश्नाला किती वर्षं लागली ते तुम्हीच लिहिलंय. २००३ ते २०११. तोपर्यंत तग कशाने धरायचा?

तिथे ओळींचा प्रश्न कामाला आला. आयबीएमने पुराव्याच्या देवघेवीत तोच प्रश्न कायदेशीर भाषेत विचारला आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यायदंडाधिकारी ब्रुक वेल्स यांनी एससीओला हुकूम दिला की नेमकं सांगा. नंतर आणखी हुकूम. शेवटी एससीओने २९४ बाबींची यादी दिली आणि जून २००६ मध्ये वेल्सबाईंनी त्यातल्या निम्म्याहून जास्त बाबी मोघम म्हणून काढून टाकल्या. त्या निकालातला दाखला वाचण्यासारखा आहे: दुकानातून निघालेल्या माणसाला चोरीच्या आळावर धरायचं आणि काय चोरलं विचारल्यावर दुकानाचा अख्खा कॅटलॉग त्याच्या हातात द्यायचा, तसं हे चाललंय.

त्याआधी फेब्रुवारी २००५ मध्ये खुद्द किंबॉल यांनी आश्चर्य नोंदवलं होतं की बाहेर एवढी जाहीर विधानं करणाऱ्या कंपनीने कोर्टात मात्र धड पुरावा ठेवलेला नाही. २००७ च्या सुनावणीत आयबीएमच्या वकिलांनी हिशेब मांडला की लिनक्समधल्या ३२६ ओळींपलीकडे काही उरत नाही, आणि त्यांनाही कॉपीराइटचं संरक्षण लागू होत नाही.

दोन्ही प्रश्न एकदम विचारायचे असतात. यातला कोणता आधी फळेल ते न्यायालयाच्या तारखा ठरवतात.

शेअरबाज

पैसे भरून मोकळं होणं हाही पर्याय होताच की. एखाद्या कंपनीकडे वीस सर्व्हर असतील तर लायसन्सचा खर्च वकिलाच्या पहिल्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी. भावनेच्या भरात सगळे विसरतात की धंदेवाल्यासाठी हा निव्वळ हिशेब असतो. बाजारालाही तेव्हा एससीओचं पटलं होतं. दोन डॉलरच्या आसपासचा शेअर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वीसच्या घरात होता आणि बेस्टारसारख्या गुंतवणूकदारांनी ५ कोटी डॉलर गुंतवले.

जुनंखोड

शेअरबाज, हिशेब मांडलाच आहे तर पुरता मांडा. टेक्ससमधल्या ईव्हीवन सर्व्हर्स या होस्टिंग कंपनीने मार्च २००४ मध्ये लायसन्स घेतलं. ग्राहक खवळले, आणि काही महिन्यांत कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की पुन्हा वेळ आली तर असं करणार नाही. पैसे भरले की तुमचं नाव समोरच्याच्या पत्रकात झळकतं, हा खर्च बिलात दिसत नाही.

आता उलट उदाहरण. एससीओने डेमलरक्रायस्लरला पत्र पाठवलं होतं की तुमच्याकडचं युनिक्स कराराप्रमाणे वापरताय याचं प्रमाणपत्र द्या. उत्तर आलं नाही, म्हणून मार्च २००४ मध्ये दावा. मग डेमलरने एका छोट्या कागदावर कळवलं की ते सॉफ्टवेअर आम्ही सात वर्षांहून जास्त काळ वापरतच नाही. जुलैमध्ये न्यायाधीशांनी जवळपास सगळा दावा निकालात काढला, उरला फक्त उत्तर द्यायला उशीर केला का एवढाच मुद्दा. लिनक्सचा शब्दही लागला नाही. इतकं रटाळ, इतकं थंड उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि इतकं परिणामकारकही.

पत्रांना वेळेवर उत्तर द्या रे बाबांनो. दावा अर्धा तिथेच मरतो.

निमूट

जर्मनीचं कुणीच काढलं नाही? तिथे तर महिन्याभरात विषय संपला. लिनक्सटॅग या लिनक्स मेळाव्याच्या मंडळींनी आधी नोटीस दिली: पुरावा द्या नाहीतर बोलणं थांबवा. मग युनिव्हेन्शन आणि टारेंट या छोट्या कंपन्यांनी कोर्टातून अंतरिम मनाई मिळवली. प्रतिस्पर्ध्याच्या मालाबद्दल पुराव्याशिवाय बोलणं हीच तिथे अनुचित स्पर्धा. एससीओच्या जर्मन शाखेने वेबसाइटवर तसा मजकूर राहू दिला म्हणून म्युनिकच्या कोर्टाने १०,००० युरोंचा दंड केला. यात आयबीएम कुठेच नाही. अर्धविराम, ऐकतोयस ना?

अर्धविराम

ऐकतोय. धागा पुन्हा उघडा.

पण मग आणखी एक उत्तर राहिलं. जानेवारी २००४ चा मायडूम व्हायरस! एससीओची वेबसाइटच झोपवली.

कंपायलर_रुसला

ते उत्तर नव्हे, ती एससीओला मिळालेली भेट होती. तो व्हायरस कुणी लिहिला ते कधी सिद्ध झालं नाही, पण छापून काय आलं? लिनक्सवाले गुंड आहेत. एससीओने २,५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं आणि आठवडाभर सोज्वळ चेहऱ्याने मिरवली. त्याच महिन्यात त्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहिलं होतं की मुक्त सॉफ्टवेअर देशाच्या अर्थव्यवस्थेला धोका आहे. त्याला असा पुरावा आयता पुरवायचा?

याच्या अगदी उलट टोकाला लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचं उत्तर. डिसेंबर २००३ मध्ये एससीओने ६५ फायलींची यादी पाठवली, एर्नो, सिग्नल, आयओसीटीएल वगैरे हेडर. लिनसने जुनी आवृत्ती काढली आणि सांगितलं की यातल्या काही मीच लिहिल्यात, त्यातल्या चुकासुद्धा माझ्याच आहेत. स्वतःच्या चुका ओळखता येणं यापेक्षा लेखकत्वाचा चांगला पुरावा कोणता?

आणि एसजीआय. त्यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये जाहीर पत्र लिहिलं: आम्ही दिलेला दहा लाखांहून जास्त ओळींचा कोड तपासला, सुमारे २०० ओळी वादाच्या वाटल्या, त्या काढल्या. प्रामाणिक तपासणी करायची, सापडलं ते सांगायचं, दुरुस्त करायचं. मला वाटतं "आमच्यात काहीच नाही" असं छाती ठोकून सांगणाऱ्यांपेक्षा या पत्राने लिनक्सची पत जास्त सांभाळली.

बखरकार

सगळ्यात टिकाऊ उत्तर मात्र मे २००४ चं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक पॅचखाली (कोडमधल्या बदलाखाली) जी 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ येते ती एससीओची देन! त्याआधी पॅच मेलवर यायचे, लिनस उचलायचा, कुणाचं काय ते ज्याला आठवेल त्याला आठवेल. बदलांची नोंद ठेवणारं बिटकीपर वापरायला सुरुवातच २००२ ची. एससीओच्या दंग्यानंतर नियम झाला की पॅच देणाऱ्याने आपलं नाव घालून लिहून द्यायचं, हा कोड मी लिहिलाय किंवा देण्याचा हक्क मला आहे. सही नाही, वकील नाही, नुसती एक ओळ. पुढे शेकडो प्रकल्पांनी तीच पद्धत उचलली.

शेअरबाज

मग ओरॅकल-गूगल? तिथे तर ओळी दाखवल्या होत्या. जावाच्या ३७ पॅकेजांतल्या घोषणा, सुमारे ११,५०० ओळी, गूगलने घेतल्याचं कबूलच होतं. तुमचा जादूचा प्रश्न तिथे काय कामाचा?

अपील_मंजूर

काहीच नाही, बरोबर. तिथे वाद वेगळा: घेतल्या, पण घेणं योग्य वापरात बसतं का. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की बसतं. खटला २०१० चा. ज्याला ओळी दाखवता येतात त्याच्याशी लढणं फार महाग पडतं. पण यावर वेगळा धागा काढा, नाहीतर हा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

टर्मिनलग्रस्त

वाचतोय, वाचनखूण साठवलीये. पण माझा दुसरा प्रश्न राहिला. पाच-सात जणांचा प्रकल्प, एखादं छोटं ड्रायव्हर किंवा बूटलोडर. सकाळी मेल येतो: यात आमचा कोड आहे, सात दिवसांत काढा. काय करायचं?

अपील_मंजूर

सल्ला म्हणून घेऊ नका, त्या त्या देशातल्या वकिलाला विचाराच. पण वकिलाकडे जाईपर्यंत जे बिघडतं तेवढं सांगते.

काहीही पुसू नका. घाबरून लोक रिपॉझिटरीचा इतिहास साफ करतात, जुने मेल उडवतात. तोच इतिहास तुमचा बचाव असतो, आणि नोटीस आल्यावर पुसलं तर कोर्ट त्याचा अर्थ तुमच्या विरोधात लावू शकतं. वादाची फाइल पुढच्या आवृत्तीतून काढायची की नाही हा वेगळा निर्णय, तो नंतर.

मग उत्तर. छोटं, सभ्य, मुदतीच्या आत. फाइल कोणती, ओळी कोणत्या, तुमच्याकडची कोणती आवृत्ती आणि कधीची, तुमचा हक्क कुठल्या कागदाने येतो, तो कोड तुम्ही कधी कुठल्या मोकळ्या लायसन्सखाली वाटला होता का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात, आणि एससीओचं घोडं पेंड खातं ते नेमकं तिथे. लिनक्स विकणं थांबवल्याचं जाहीर करूनही कर्नल त्यांच्या एफटीपी सर्व्हरवर जीपीएलखाली उतरवून घेता येत होता.

आणि कृपा करून प्रकल्पाच्या चर्चेत "अरे हो, हा भाग मी तिकडून बघूनच लिहिला होता बहुतेक" असं काहीबाही लिहू नका. असे अंदाज उद्या समोरचा वकील मोठ्याने वाचून दाखवतो.

शेवटचाबाक

इथे मात्र विरोध. गप्प बसा म्हणणारे वकील २००३ मध्येही होते. सगळे गप्प बसले असते तर ग्रोक्लॉ उभं राहिलं असतं का? पॅमेला जोन्स या पॅरालीगल बाईंनी मे २००३ मध्ये साधा ब्लॉग सुरू केला. लोक सुनावण्यांना जाऊन बसले, फिर्यादी टाइप केल्या, जुनी मॅन्युअलं माळ्यावरून काढली. हे सगळं उघड्यावर झालं.

अपील_मंजूर

उघड्यावर काय झालं ते बघा ना. कोर्टात दाखल झालेले कागद, छापील मॅन्युअलं, जुनी वार्तापत्रं. जे मुळातच सार्वजनिक होतं ते त्यांनी नीट लावलं. आयबीएमच्या आतल्या प्रोग्रामरांनी तिथे येऊन आठवणी लिहिल्या नाहीत! दावा ज्याच्यावर आहे त्याने मोजकं बोलावं, बाकीच्यांनी हवं तेवढं खणावं.

शेवटचाबाक

असं असेल तर मान्य. माझ्या खणण्याला आडकाठी नको, बाकी तुमचं चालू द्या.

जुनंखोड

छोट्या प्रकल्पासाठी आणखी एक: एकटे राहू नका. तेव्हा जानेवारी २००४ मध्ये ओएसडीएल या लिनक्सच्या संस्थेने १ कोटी डॉलरच्या बचाव निधीची घोषणा केली, रेड हॅटने त्याआधी १० लाख बाजूला काढले आणि स्वतःहून डेलावेअरमध्ये एससीओवर दावा केला. आज मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या कायदेविषयक संस्था आहेत, त्यांना पहिल्या दिवशी लिहा. तुमचा कोड कुणी मोठा वापरत असेल तर त्यालाही कळवा. त्याचा सर्व्हर तुमच्या कोडवर चालत असेल तर त्याचे वकील तुमच्याआधी जागे होतात.

पहिलटकर

नवीन सदस्य आहे, पूर्ण धागा वाचला. पण २०२१ मध्ये झिन्युओसने पुन्हा आयबीएम आणि रेड हॅटवर दावा केला ना? म्हणजे लिनक्सवर परत तेच?

बखरकार

स्वागत. झिन्युओस म्हणजे २०११ मध्ये एससीओचा युनिक्स धंदा घेणारी युनएक्सिस, नाव बदललेली. मार्च २०२१ मध्ये व्हर्जिन आयलंड्समध्ये दावा. पण आरोप नीट वाच. कोडबद्दलची तक्रार आयबीएमच्या स्वतःच्या सिस्टिमांबद्दल आहे, आणि उरलेली आयबीएम-रेड हॅटने संगनमताने बाजार वाटून घेतल्याची. लिनक्स वापरणाऱ्यांकडून प्रोसेसरमागे वसुली असला प्रकार त्यात नाही.

पहिलटकर

धन्यवाद. मूळ कागद वाचायचे तर कुठून सुरुवात करू? खूपच आहेत.

शेवटचाबाक

१९९५ च्या करारातलं वगळलेल्या मालमत्तेचं परिशिष्ट, मग १९९६ ची दुसरी दुरुस्ती. दोन्ही मिळून फार मोठं नाही. त्यानंतर वकीलताईंनी सांगितलेला जून २००६ चा वेल्सबाईंचा निकाल. नोव्हेलच्या खटल्यातली अपिलं शेवटी ठेव, ती वाचताना झोप येते.

अपील_मंजूर

२००९ च्या अपिलात झोप येत असेल तर तुम्ही ते वाचलेलंच नाही. दुरुस्ती दोनचा अर्थ कसा लावायचा यावरचा सगळ्यात चुरशीचा भाग तिथेच आहे. पहिलटकर, तो दुसऱ्या क्रमांकावर घ्या.